लघवीवरील ताबा सुटणे : संकोच सोडून मदत कोठे मागावी?



वार्षिक अहवालात जमाखर्चाचा ताळेबंद असतोच. त्याबरोबर कुटुंबांच्या नित्य उपयोगाचा एखादा आरोग्यविषय समजावून देणे, हेही आम्ही आपले कर्तव्य मानतो. प्रस्तुत विषय आहे इच्छा नसताना लघवी होणे, म्हणजेच मूत्र-असंयम. प्रस्तुत लेखक वैद्य नसून प्रशासक आहे. तथापि रुग्ण दारापर्यंत येऊनही मुख्य तक्रार न सांगताच परत जातो, ही बाब प्रशासनालाही विचार करावयास लावणारी आहे.

गास व परिसरातील कितीतरी घरांत आजी-आजोबा, मुले-सुना आणि नातवंडे एकत्र नांदतात. खोकला आला, शिंक आली किंवा पाण्याची कळशी उचलली की काही थेंब सुटतात, हा अनुभव अनेक माताभगिनींना असतो. नालासोपाऱ्याहून मुंबईस जाणाऱ्या लोकल गाडीत शौचालयाची सोय नसते आणि प्रवास तासाभराहून अधिक चालतो. म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हळूहळू लग्नकार्यास जाणे टळते, नातलगांकडे मुक्काम टळतो आणि अखेरीस घराबाहेर पडणेच थांबते. ‘वयोमानाप्रमाणे हे व्हायचेच’ असे म्हणून सारे गप्प बसतात. वाढत्या वयात हा त्रास अधिक आढळतो हे खरे. परंतु तो निमूटपणे सोसलाच पाहिजे असे मात्र नाही. बहुतेक रुग्णांना उपचाराने आराम पडतो, काहींचा त्रास पूर्णपणे जातो.

त्रासाचे प्रकार

खोकताना, हसताना वा वजन उचलताना गळती होते, तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. प्रसूतीनंतर व रजोनिवृत्तीनंतर हा प्रकार अधिक दिसतो. दुसऱ्या प्रकारात एकाएकी अनावर घाई होते आणि शौचालय गाठेपर्यंत धीर निघत नाही. तिसऱ्यात मूत्राशय पूर्ण रिकामे न होता भरून वाहते. पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. चौथ्यात मूत्राशय ठीक असते, पण गुडघेदुखीमुळे, अर्धांगवायूमुळे वा विस्मरणामुळे वेळेवर जाता येत नाही. मधुमेह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि काही औषधे यांमुळेही त्रास वाढतो. प्रत्येक प्रकाराचा उपचार वेगळा असल्याने शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

लघवीत रक्त येणे, लघवी पूर्णपणे अडणे, थंडीताप येणे अथवा गळतीबरोबर पायांतील शक्ती अकस्मात जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रसूतीनंतर लघवी अखंड पाझरत असल्यास तेही तत्काळ दाखवावे.

घरी काय करता येईल?

पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह होतो, बद्धकोष्ठता वाढते आणि संसर्गास वाव मिळतो. चहा-कॉफी मात्र बेताने घ्यावी. 1948 साली अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम प्रसिद्ध केले. वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच काही क्षण आवळून धरून सैल सोडावयाचे. एका वेळी आठ, असे दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. प्रारंभी पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी. खर्च शून्य, परंतु चिकाटी हवी.

याउलट केवळ डायपरवर विसंबल्यास काय होते, ते हिशेबाने पाहू. एका डायपरचे 30 रुपये धरले आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याला 2,700 व वर्षाला 32,850 रुपये होतात. क्लिनिकल डायपरवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, हा काहीसा दिलासा. तरीही सामान्य कुटुंबास हा खर्च जड आहे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास डायपर आवश्यकच असतात. तेथे ते वेळेवर बदलणे व त्वचा कोरडी ठेवणे महत्त्वाचे. चालत्याफिरत्या माणसास डायपर देण्यापूर्वी मात्र तपासणी व्हावी. रात्री वाटेत दिवा आणि खाटेजवळ कमोडची खुर्ची, एवढ्यानेही पुष्कळ अडचण दूर होते.

विचारावे कोठे, खर्चाचे काय?

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. पुढे स्त्रियांनी स्त्रीरोग विभागात व पुरुषांनी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. येताना तीन दिवसांची वही आणावी : किती वाजता काय व किती प्यायलो, केव्हा लघवीस गेलो, केव्हा व काय करताना गळती झाली. बोलण्याचा संकोच वाटत असेल तर ही वहीच डॉक्टरांपुढे ठेवावी. चालू औषधांच्या चिठ्ठ्याही सोबत असाव्यात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 साली लागू झालेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते काय, हे योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे; शिधापत्रिका जवळ असावी. ज्येष्ठ नागरिकांना व त्यांच्या आप्तांना 14567 या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर माहिती व मानसिक आधार मिळतो.

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. महिलांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईत 2011 साली ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. पुण्यातील ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महानगरपालिकांना महिलांसाठी रस्त्यांलगत स्वच्छतागृहे उभारण्याविषयी निर्देश दिले. ज्यांना लघवी रोखता येत नाही, त्यांच्यासाठी असे स्वच्छतागृह म्हणजे बाजारहाटास व कामावर जाण्याचा परवानाच होय.

आप्तजनांस एकच विनंती : ओल्या अंथरुणावरून वृद्धांना चारचौघांत बोलू नये. एकांतात, मायेने विचारावे आणि स्वतः सोबत यावे. देणगीदारांनी कमोडच्या खुर्च्या, रबरी शीट वा एखाद्या रुग्णाचा फिजिओथेरपीचा खर्च अशा रूपाने साह्य केल्यास तेही मोलाचे ठरेल. अशा देणगीने कोनशिलेवर नाव कोरले जाणार नाही. परंतु एखादी आजी पुन्हा निर्धास्तपणे नातीच्या लग्नास जाईल.

— प्रशासक