कोंबडखताची आम्ल पचविण्याची शक्ति व तिचें मापन

सिरोंचा तालुक्यांत प्राणहिता व गोदावरी यांच्या कांठीं काळी गाळवट जमीन आहे, तर रानालगतच्या पुष्कळ बांध्यांत तांबूस, आम्लधर्मी माती आढळते. कोंबड्यांच्या घरांतील तुसाची गादी दोन्ही जमिनींस उत्तम खत होय. परंतु दोहींस ती एकाच रीतीनें द्यावी काय, हें ठरविण्यापूर्वीं तिची आम्ल पचविण्याची शक्ति मोजणें अवश्य आहे.

विष्ठेंतील यूरिक आम्ल कुजून अमोनिया होतो. २५ अंश सेल्सियस उष्णतेस, सामू ९ च्या थोडा वर असतां, त्याचा निम्मा भाग वायुरूप असतो. सामू ७ वर आला म्हणजे शेंकडा एक भागहि तसा राहत नाहीं. म्हणून नत्र उडूं नये व पक्ष्यांच्या डोळ्यांस झोंबूं नये यासाठीं गादींत तुरटी मिसळतात. पण ती किती मिसळावी?

नुसता सामू पाहून हें कळत नाहीं. दोन विहिरींचें पाणी एकाच पायरीवर दिसलें, तरी मोट चालूं केल्यावर एक लवकर आटते व दुसरी आटत नाहीं. कारण झरे निराळे. तसेंच दोन गाद्यांचा सामू ८ असला, तरी चुनखडी व शिंपले खाणाऱ्या अंडीदेत्या कोंबड्यांची गादी बहुधा अधिक आम्ल पचविते.

मापनाची रीत अशी. घरांतील दहा ठिकाणांहून, वरपासून तळापर्यंत, गादी घेऊन एकत्र कालवावी. पांच कांचेच्या बरण्यांत प्रत्येकीं २० ग्रॅम गादी व २०० मिलिलिटर स्वच्छ पावसाचें पाणी घालावें. पहिली बरणी तशीच ठेवावी. इतरांत अनुक्रमें १, २, ३ व ४ ग्रॅम तुरटीची पूड घालावी. फेंस येईल, म्हणून बरण्या काठोकाठ भरूं नयेत व झांकण घट्ट लावूं नये. अधूनमधून ढवळून एक दिवस सावलींत ठेवाव्या; चुनखडीचे कण सावकाश विरघळतात, म्हणून घाई करूं नये. नंतर निवळीचा सामू मापकयंत्रानें पाहावा. गढूळ रंगामुळें कागदी पट्टी फसविते.

समजा, २ ग्रॅमच्या बरणींत सामू ७ च्या खालीं आला. तर १०० किलो गादीस १० किलो तुरटी लागेल. साध्या पोटॅश तुरटीचे सुमारें सव्वातीन भाग एक भाग चुनखडीची शक्ति खर्च करितात. म्हणजे ह्या गादीची शक्ति सुमारें ३ किलो चुनखडीइतकी झाली. मात्र ती सर्व टिकाऊ समजूं नये. तिचा कांहीं भाग अमोनियाचा असतो, आणि जमिनींत त्या अमोनियाचें नायट्रेट होतांना पुन्हा आम्लच उत्पन्न होतें.

यावरून व्यवहार ठरतो. तुरटीनें नत्र राखला, तेवढी चुनखडीची शक्ति गेली. म्हणून तुरटी घातलेली गादी चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस द्यावी. तांबड्या आम्ल जमिनीस बिनतुरटीची गादी द्यावी व पसरतांच मातींत मिसळावी. उन्हांत उघडी पडूं दिल्यास नत्र हवेंत जाईल. बरण्यांस लागणारा एक दिवस ह्या लाभापुढें कांहींच नव्हे.