पाया आधी, भिंत मग

मागल्या पावसाळ्यात आमच्या परसातली विटांची भिंत पडली. वरच्या वाफ्याची माती अडवायला आबांनी व मी ती नुसत्या मातीवर बांधली होती. उंची अवघी २ फूट! पण धाकटी बहीण जवळच खेळत होती. थोडक्यात वाचली.

गवंडीकाका म्हणाले, "पोरा, पाया दिसत नाही, म्हणून लोक तिथंच कंजुषी करतात." काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावरची भिंत हलते. शिवाय ओली माती जड होऊन मागून रेटते.

यंदा आम्ही असे केले :

१) मुरूम लागेपर्यंत चर खणला. दीड फुटावर लागला.
२) भिंत ९ इंच जाड, म्हणून चर १८ इंच रुंद ठेवला.
३) तळ चोपून ६ इंच काँक्रीट घातले. सिमेंट १ घमेले, वाळू ३, खडी ६.
४) भिजवलेल्या विटांची भिंत ओळंबा धरून उचलली.
५) जमिनीलगतच्या थरात पाणी जायला भोके ठेवली. त्यांच्यामागे खडी भरली.
६) ७ दिवस पाणी मारले. मगच मागे माती लोटली.

या पावसात भिंत जागची हलली नाही. भोकांतून पाणी झिरपते, ते बहिणीनेच मला दाखवले.

मित्रांनो, तुमच्या परसात अशी भिंत असेल, तर आधी तिचा पाया विचारा.

– इयत्ता ७ वी