उपासकाचे घर, कचरा आणि हवामान

पाऊस लांबला म्हणजे विदर्भातल्या खेड्यांत आजही एखाद्या पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळून, काठीला बेडूक बांधून 'धोंडी' दारोदार फिरते. कुठे बेडकाचे लग्न लावतात, कुठे महादेवाची पिंड पाण्यात कोंडतात. ऊन असह्य झाले तर 'कलियुग आहे' म्हणून माणसे गप्प बसतात. बौद्धाला असे गप्प बसता येत नाही. प्रत्येक घटनेला कारण असते, ते कारण माणसाच्या बुद्धीला सापडते आणि कारण दूर केले तर परिणामही दूर होतो, ही तथागतांच्या शिकवणीची बैठक आहे. तेव्हा उन्हाळा का कडक होत चालला, पाऊस महिनाभर दडी मारून मग एका दिवसात शेत का खरवडून नेतो, हा प्रश्न आपण कार्यकारणभावाच्या पद्धतीनेच विचारला पाहिजे.

त्याचे कारण आज गूढ राहिलेले नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेत जातो. सूर्याची उष्णता तो आत येऊ देतो, पण जमिनीने परत फेकलेली उष्णता अडवून धरतो. गोधडी जशी अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसेच हे आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे त्याचे नियमित मोजमाप सुरू झाले, तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. गोधडी जाड होत चालली आहे, म्हणून ताप वाढतो आहे. नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सर्व वर्षांत २०२४ हे साल सर्वांत उष्ण ठरले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे पाप सर्वांनी सारखे केलेले नाही. भारतातल्या माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर अमेरिकेतल्या माणसामागे सुमारे १४ टन. आपल्या २ टनांच्या सरासरीतही बंगल्यात चार वातानुकूलन यंत्रे चालवणारा आणि पत्र्याच्या खोलीत एका पंख्याखाली सहा माणसे झोपवणारा, असे दोघेही बसवलेले आहेत. ऊन मात्र सरासरीने वाटले जात नाही. ते डांबर टाकणाऱ्याच्या, नाला उपसणाऱ्याच्या, निंदणीला गेलेल्या बाईच्या डोक्यावर पडते. म्हणून पत्र्याच्या खोलीतल्या माणसाला 'वीज वाचवा' असा उपदेश करणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी. चंद्रपूर आणि कोराडीची वीजकेंद्रे कोळशावर चालतात, त्यांचे काय करायचे हे सरकारला विचारायचे असते, आणि ते मताने, निवेदनाने, संघटनेने विचारायचे असते. ते काम घरातला दिवा मालवून होणार नाही.

पण एवढे म्हटल्यावर आपण सुटलो, असेही समजू नये. १९५६ नंतरच्या दोन-तीन पिढ्यांत आपल्यातले पुष्कळजण शिकले, नोकरीला लागले, वसाहतींत आणि इमारतींत राहायला गेले. त्यांच्या घरात आता करण्यासारखे बरेच आहे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो, नव्या पद्धतीचा पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास, वर्षातले तीनशे दिवस पंखा चालला तर सुमारे २०० युनिट वाचतात. एका युनिटमागे आपल्या देशात अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका पंख्यामागे सुमारे १४० किलो. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या बिलावरून आणि टाकीवरून स्वतः मांडावा, येथे त्यावर अधिक जागा घालवत नाही. या पाठात विचार करायचा आहे तो एका वेगळ्या गोष्टीचा. तिला पैसा लागत नाही, ती पत्र्याच्या खोलीत आणि इमारतीत सारखीच करता येते आणि तिचा संबंध हवामानाइतकाच जातीशी आहे. ती म्हणजे घरातला कचरा.

भाजीची देठे, शिळा भात, चहाचा चोथा, फळांच्या साली हे सगळे आपण प्लास्टिकच्या पिशवीत दूधपिशव्या, काचा आणि चिंध्यांबरोबर कोंबतो. पिशवी गाडीतून कचरा-डेपोवर जाते, तिच्यावर आणखी पिशव्या पडतात. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. हवा नसलेल्या जागी जे सूक्ष्म जंतू वाढतात, ते ओला कचरा कुजवताना मिथेन नावाचा वायू तयार करतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, वीस वर्षांचा धरला तर ८० पटींहून अधिक. त्याची एक बाजू मात्र आशेची आहे. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग हवेत शतकानुशतके राहतो, मिथेन साधारण बारा वर्षांत विरतो. म्हणजे आज मिथेन थांबवला तर त्याचा गुण आपल्या मुलांच्या हयातीत दिसेल. तोच ओला कचरा हवा खेळत्या ठेवलेल्या मडक्यात कुजवला तर मिथेन फारसा होतच नाही, खत होते.

मिथेन पेट घेणारा वायू आहे. मुंबईचा देवनारचा कचरा-डेपो १९२७ सालचा. ज्या साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्याच साली मुंबई शहराने आपली घाण टाकण्यासाठी ही जागा धरली. जानेवारी २०१६ च्या अखेरीस हा डेपो असा पेटला की धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शहराने त्या चार-सहा दिवसांत नाकाला रुमाल लावला. डेपोला खेटून असलेल्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, गोवंडीच्या वस्त्यांना धूर नवा नव्हता. त्या वस्त्यांत कोण राहते, हे या पाक्षिकाच्या वाचकाला सांगायला नको.

आता सुनीताची गोष्ट पाहू. ती थेरगाथेत आहे आणि परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, हीनदीनांच्या धम्मदीक्षेच्या भागात, ती मुद्दाम घेतली आहे. राजगृहात सुनीत नावाचा भंगी राहत असे. गृहस्थ लोक घरातला केरकचरा रस्त्याच्या कडेला फेकीत आणि तो झाडून, टोपल्यांत भरून, कावडीने वाहून नेणे हा त्याचा वंशपरंपरागत धंदा होता. एके सकाळी भगवान बुद्ध भिक्खूसंघासह त्या रस्त्याने आले. सुनीताला बाजूला व्हायला जागा सापडेना. त्याने कावड भिंतीला टेकवली आणि हात जोडून अंग चोरून उभा राहिला. तथागतांनी त्याला नुसता आशीर्वाद देऊन पुढे पाऊल टाकले नाही. त्याला ते काम सोडून संघात येण्याविषयी विचारले आणि तेथेच प्रव्रज्या दिली. पुढे तो अर्हत झाला.

ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो, ती सुनीताच्या बाजूने ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. आज तिच्यातल्या दुसऱ्या माणसांकडे पाहायचे आहे. कचरा रस्त्यावर फेकणारे ते गृहस्थ कोण? त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. ते दुष्ट होते असे नाही. दाराबाहेर टाकलेली वस्तू आपली राहिली नाही आणि ती उचलणारा जन्मतःच ठरलेला आहे, एवढीच त्यांची समजूत. जातिव्यवस्था याच समजुतीवर उभी राहिली. मेलेले ढोर ज्याच्या गोठ्यात मेले त्याने ओढायचे नाही, महाराने ओढायचे. बाबासाहेबांनी हे काम सोडायला लावले. कचरा काढण्याच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणे ही त्या माणसाची क्रूर थट्टा आहे, असे त्यांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात बजावले. आजही सफाई कामगाराला हार घालून, पाय धुऊन त्याचा फोटो काढण्याची हौस पुष्कळांना आहे. आपला ओला-सुका कचरा वेगळा करण्याची हौस त्यांतल्या कितीजणांना आहे, हे त्यांची बादली पाहून ठरवावे.

आणि आपली बादली? शहरातल्या इमारतीत राहणारा बौद्ध गृहस्थ रोज सकाळी मिसळलेल्या कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवतो. ती पिशवी फोडून, कुजक्या भातात हात घालून दूधपिशव्या, बाटल्या वेचणारी बाई बहुतेक वेळा आपल्याच समाजातली किंवा मातंग समाजातली असते. काच तिच्या बोटाला लागते, वापरलेले पॅड तिच्या हातात येते. म्हणजे एका घरात दोन चुका एकाच पिशवीत भरल्या जातात. ओले दाबून कोंडल्याने मिथेन होतो आणि मिसळल्याने दुसऱ्याच्या हाताला घाण लागते. कचरा वेगळा केला की दोन्ही सुटतात. पाच मिनिटांचेही हे काम नाही. आपली घाण आपणच हाताळायची, एवढा मनाचा अडसर काढावा लागतो.

पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित असलेल्या बायांची ही संघटना. त्यांनी ओळखपत्रे मिळवली आणि पुढे स्वतःची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभारून महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. त्यांची मागणी दयेची नव्हती. ओले वेगळे, सुके वेगळे द्या आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, अशी साधी मागणी होती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असे वर्गीकरण देशभर बंधनकारक केले आणि उघड्यावर कचरा जाळण्यासही मनाई केली. कायदा आला, बादल्याही वाटल्या गेल्या. सवय मात्र कायद्याने लागत नाही, शीलाने लागते.

आता कृती. घरात दोन डबे ठेवावेत, तिसरी एक लहान पिशवी काच, ब्लेड, औषधे, विजेरीचे सेल यांसाठी. दूधपिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा पाडू नये, पिशवी एका पाण्याने विसळून वाळवावी. अशी पिशवी वेचणाऱ्या बाईला भाव मिळवून देते, बरबटलेली फेकली जाते. अॅल्युमिनियमचा डबा तर कधीच ओल्यात टाकू नये. जुन्या अॅल्युमिनियमपासून नवे करायला खनिजापासून करण्याच्या मानाने सुमारे विसावा हिस्साच ऊर्जा लागते.

ओल्यासाठी जुने मडके किंवा तळाला व बाजूंना भोके पाडलेली बादली चालते. खाली नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला घालावा, त्यावर ओला कचरा बारीक करून, त्यावर पुन्हा पाला किंवा कोरडी माती. सुरुवातीला थोडे जुने खत किंवा आंबट ताक शिंपडले की जंतू लवकर लागतात. तीन-चार दिवसांनी काठीने ढवळावे, कारण सगळे रहस्य हवा आत जाण्यात आहे. वास आला तर समजावे की पाणी जास्त झाले, पाला घालावा. हाडे आणि तेलकट उष्टे यात टाकू नये. दीड-दोन महिन्यांत काळे, मातीचा वास असलेले खत तयार होते. खेड्यातल्या वाचकांनी उकिरडा खोल खड्ड्यात दाबून न ठेवता उथळ ठेवावा आणि वरखाली करावा. एका खोलीत राहणाऱ्याला मडके ठेवायला जागा नसते हे खरे. चाळीतल्या चार घरांनी मिळून जिन्याखाली एक पिंप ठेवले तरी चालते.

कचऱ्याच्या आधीची पायरी म्हणजे तो होऊच न देणे. कोसल देशाचा राजा पसेनदी अतोनात जेवून धापा टाकीत भगवंतांपुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला भोजनातील मात्रा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावून रोज जेवताना आपल्यापुढे म्हणायला सांगितली आणि हळूहळू आहार कमी केला. आपल्या लग्नांत सध्या ती गाथा म्हणायला कोणी तरी बसवावे, अशी पाने टाकून दिली जातात. साधा बौद्ध विवाह ही आपली शान होती. कर्ज काढून पंचपक्वान्ने वाढायची आणि निम्मी टाकायची, हे कोणाचे अनुकरण आहे याचा विचार करावा. कौशांबीच्या उदेन राजाने आनंद थेरांना विचारले होते की इतक्या चीवरांचे तुम्ही काय करता? थेर म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटतो. मग जीर्णांचे काय? त्यांचे पांघरूण, मग बैठकीचे आच्छादन, मग पायपुसणे, मग झाडण, आणि शेवटी ती कुटून चिखलात मळून जमीन सारवतो. आपल्या आजीच्या गोधडीचाही इतिहास हाच आहे.

१४ ऑक्टोबरला नागपूरला आणि ६ डिसेंबरला दादरला लाखो लोक येतात. भोजनदानाच्या रांगा लागतात, पाण्याची पाकिटे वाटली जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदान झाडायला कोणते हात येतात हे आपल्याला ठाऊक आहे. भोजनदान करणाऱ्या मंडळांनी स्टीलची ताटे ठेवून धुण्याची पाळी कार्यकर्त्यांत लावावी. येणाऱ्याने पिशवीत एक ताटली आणि बाटली घालावी, पुस्तके घ्यायला तीच पिशवी उपयोगी पडते.

विहारापासूनही सुरुवात करता येईल. बुद्धमूर्तीपुढची फुले दुसऱ्या दिवशी सुकतात, आणि पुष्कळ ठिकाणी ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नदीत किंवा कुंडीत टाकतात. थेरगाथेत सुनीताचे काम सुकलेली फुले काढून टाकण्याचे होते, असे सांगितले आहे. विहाराच्या अंगणात सावलीत एक पिंप ठेवावे. फुले टाकण्याआधी हारांचा दोरा आणि चमकीचा कागद काढून घ्यावा. झेंडू आणि गुलाब लवकर कुजतात, हाराचा जाड देठ कापून टाकावा लागतो. पावसाळ्यात पिंपावर झाकण हवे, पण घट्ट नको. काढणी दसऱ्याच्या सुमारास येते, आणि ते खत अंगणातल्या पिंपळाला घालता येते.