मोटारसायकलीची ठिणगी आणि वायरिंगमधील गळती

दुधाच्या किटल्या, खताची पोती, फवारणीचा पंप अशी ओझी वाहणाऱ्या जुन्या मोटारसायकली ग्रामीण भागात अद्याप मोठ्या उपयोगी पडतात. अशी गाडी एखाद्या ओल्या सकाळी सुरूच होत नाही, किंवा चढावर फटफटत बंद पडते, तेव्हा पहिला दोष बहुधा इग्निशन कॉइलला दिला जातो. नवी कॉइल आणली जाते, दोन दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. कॉइल बदलताना तारांची टोके हलली व घासली गेली, एवढाच त्या दोन दिवसांच्या सुखाचा अर्थ पुष्कळदा असतो. दोष कॉइलमध्ये नसून तारांच्या सांध्यांत असतो, आणि पैसे मात्र कॉइलवर खर्ची पडतात.

बॅटरी व पॉइंट यांवर चालणाऱ्या गाडीच्या कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे व केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह जाड वेढ्यांतून वाहतो व गाभ्यात चुंबकीय शक्ती साठते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, आणि बारीक वेढ्यांत दहा हजार व्होल्टहून अधिक दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते. लांब पाइपातून वाहणारे पाणी झडप लावून एकदम अडविले तर पाइपाला जसा दणका बसतो, तसाच हा प्रकार होय. दणक्याचा जोर आधी वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो. तोही सरळ प्रमाणात नव्हे, तर वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह निम्मा झाला की साठलेली शक्ती केवळ पाव उरते.

१९६१ पासून म्हैसूर येथे तयार होऊ लागलेल्या जावा गाडीत ६ व्होल्टची बॅटरी असे. ६ व्होल्टच्या कॉइलचा रोध उदाहरणादाखल दीड ओहम धरला, तर ४ अँपिअर प्रवाह वाहील. आता चावीच्या स्विचमध्ये गंज चढून केवळ पाव ओहम रोध वाढला असे समजा. प्रवाह ३.४ अँपिअरवर येतो व साठणारी शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते. हाच गंज १२ व्होल्टच्या गाडीत ३ ओहमच्या कॉइलच्या वाटेत आला, तर घट सुमारे १५ टक्के होते. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्या अधिक हळव्या का, याचे उत्तर या हिशोबात आहे.

चांगली तार स्वतः फारसे काही खात नाही. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या २ मीटर तांब्याच्या तारेचा रोध अवघा ०.०३५ ओहमच्या आसपास भरतो. गळती होते ती बॅटरीचे खांब, फ्यूज, चावी, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आणि अर्थची तार या ठिकाणी. प्रवाहाला गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत यावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. सांगाड्याला नवा रंग दिल्यावर गाडी बिघडली, तर अर्थच्या नटाखालचा रंग खरवडून पाहावा. खताच्या पोत्यांतून सांडणारे कण ओलाव्याने विरघळतात व पितळी आणि तांब्याची टोके कुरतडतात. खतवाहतुकीनंतर बॅटरीची जागा पुसून घ्यावी.

गळती शोधण्यास साधा मीटर पुरतो. मीटर व्होल्टवर ठेवावा. त्याचे एक टोक बॅटरीच्या ज्या खांबावरून तार चावीकडे जाते तेथे, व दुसरे कॉइलला चावीकडून येणाऱ्या तारेच्या टोकाला लावावे. चावी चालू करावी आणि पॉइंट मिटलेले आहेत याची खात्री करून घ्यावी. ही शेवटची अट मोलाची आहे. पॉइंट उघडे असतील तर प्रवाह वाहत नाही, म्हणून कितीही गंजलेल्या जोडावर व्होल्ट पडत नाहीत आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. अनुभवी कारागीरही येथे फसतात. १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टहून, ६ व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्टहून अधिक आकडा आला तर वाटेतील एकेक जोड तपासावा. बॅटरीचा दुसरा खांब व इंजिनचे उघडे धातू यांच्यामध्येही हीच परीक्षा करावी. चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

पॉइंट काळे पडले असतील तर ते बारीक पॉलिश कागदाने साफ करून फट पुस्तिकेप्रमाणे लावावी. ते वारंवार जळत असल्यास कंडेन्सर पाहावा. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहताना त्याचे अंग इंजिनला टेकवून ठेवावे, वायर हातात धरू नये आणि जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. उघड्या हवेत दिसणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली पडेलच असे नाही.

एवढे करूनही कॉइल बदलावी लागली, तर तिचा रोध जुन्या कॉइलशी ताडून पाहावा. ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टच्या गाडीला लावल्यास प्रवाह दुप्पट होऊन पॉइंट व कॉइल दोन्ही जळतात. पॉइंट नसलेल्या सीडीआय पद्धतीच्या गाडीला वरील परीक्षा लागू नाही. तिच्या कॉइलचा रोध बहुधा १ ओहमहूनही कमी असतो आणि तिला प्रवाह सीडीआयच्या डबीतून क्षणभरच मिळतो. ती कॉइल बॅटरीला थेट जोडू नये.