तांदुळज्याची भाजी आणि घरातल्या बाईचे ताट

जिना चढताना धाप लागते, चक्कर येते. "अशक्तपणा आहे" म्हणून आपण सोडून देतो. पण गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. त्यासाठी तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हव्यातच. सोबत ताटही सुधारू या.

आम्ही तांदुळजा असा करतो. जुडी निवडून आधी धुतो, मगच चिरतो. चिरून धुतल्यास क जीवनसत्त्व पाण्यात जाते. लोखंडी कढईत 2 चमचे तेलावर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा परततो. अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ आणि भाजी घालून झाकण ठेवतो. सुटलेले पाणी फेकत नाही, त्यातच डाळ शिजवतो. शेवटी मीठ घालून भाजी लगेच स्टीलच्या भांड्यात काढतो. खाताना लिंबू पिळतो. त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते, म्हणून तासभर थांबतो.

आणि सगळ्यांचे झाल्यावर बाईने कढई पुसून खाणे आता पुरे. भाजी झाली की तिचा वाटा आधी काढू, सगळे एकत्रच जेवायला बसू.