सुकवणीचे गणित

अंधेरीजवळील वेसावे, खाडीपलीकडील मढ आणि बोरिवलीच्या पश्चिमेस असलेली गोराई येथील कोळीवाड्यांत पावसाळा सरला की वलांड्या उभ्या राहतात. बांबूंच्या या मांडणीवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून ऊन-वाऱ्यात टांगले जातात. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षांचे बेदाणे तयार होतात. मासळी आणि फळ हे पदार्थ भिन्न असले, तरी त्यांतील पाणी उडून जाण्याचा नियम मूलतः एकच आहे. तो समजल्यास माल वाया जाण्याचे प्रमाण कमी करता येते.

पहिला हिशेब

सुकताना पाणी उडते. घन भाग तेवढाच राहतो. ताज्या बोंबलात सुमारे ८८ टक्के पाणी असते. म्हणजे १०० किलो बोंबलात घन भाग अवघा १२ किलो. ओलावा १५ टक्क्यांवर आणावयाचा झाल्यास हे १२ किलो अंतिम वजनाच्या ८५ टक्के असले पाहिजेत. म्हणून सुका माल सुमारे १४ किलो मिळतो. द्राक्षात ८० टक्के पाणी धरल्यास १०० किलोंपासून साधारण साडेतेवीस किलो बेदाणा होतो.

पाणी किती वेगाने उडते?

अमेरिकन रसायन अभियंते डब्ल्यू. के. लुईस यांनी १९२१ साली यासंबंधी एक सोपे सूत्र मांडले : पदार्थात उडून जाण्याजोगे पाणी जितके शिल्लक, तितका सुकण्याचा वेग. याचा अर्थ असा की, ऊन-वारा सारखा राहिल्यास ठरावीक काळात शिल्लक पाणी निम्मे होते. या काळाला एक टप्पा म्हणू. १०० किलो बोंबलातील ८८ किलो पाणी पहिल्या टप्प्यानंतर ४४ किलो, पुढे २२, ११, साडेपाच आणि पाचव्या टप्प्यानंतर पावणेतीन किलो उरते. पहिल्या टप्प्यात वजन ४४ किलोंनी घटते. पाचव्यात जेमतेम पावणेतीन किलोंनी.

खरी मेख येथेच आहे. चौथ्या टप्प्याअखेर माल साडेसतरा किलो भरतो आणि वरून सुका दिसतो. परंतु त्यात अजून ३१ टक्के ओलावा असतो. असा माल पोत्यात भरल्यास बुरशी धरते आणि सारी मेहनत वाया जाते. डोळ्याला जे दिसत नाही, ते तराजू सांगतो.

हवामानाचा वाटा

टप्प्याचा काळ ऊन, वारा, हवेतील दमटपणा व पदार्थाची साल यांवर अवलंबून असतो. द्राक्षाच्या सालीवरील मेणासारखा थर पाणी अडवितो. म्हणून बेदाणा उत्पादक द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून घेतात. त्यामुळे टप्पा लहान होतो. समुद्रकाठच्या दमट हवेत मात्र एका मर्यादेखाली ओलावा उतरत नाही आणि रात्री सुका माल पुन्हा ओल धरतो. म्हणून तो सायंकाळी झाकणे हिताचे.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळामुळे मुंबईत अवकाळी पाऊस झाला. अशा पावसाची पूर्वसूचना मिळते, तेव्हा किती टप्पे उरले आहेत हे ठाऊक असल्यास वलांडीवरील माल वेळेत सुकेल काय आणि नवी मासळी टांगावी की ओलीच विकावी, याचा निर्णय अंदाजपंचे घ्यावा लागत नाही.

शाळेत व गावात

यासाठी महागडी उपकरणे नकोत. टांगताना एक किलो बोंबलांची नमुना दोरी वेगळी ठेवावी व रोज तोलावी; वजन १४० ग्रॅमवर आले की माल तयार झाला असे समजावे. एक किलो द्राक्षांसाठी हाच आकडा सुमारे २३५ ग्रॅम आहे. शिक्षकांनी कैरीच्या फोडी दर तासाला तोलून विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घ्यावा. प्रारंभी झपाट्याने उतरणारी व पुढे सपाट होत जाणारी रेषा पाहिली की घातांकी ऱ्हासाचा धडा निराळा शिकवावा लागणार नाही. मच्छिमार संस्था व पंचायतींनी सामाईक तराजू आणि नमुना-नोंदीची वही ठेवल्यास हे गणित फळ्यावरून थेट वलांडीपर्यंत पोहोचेल.