परदेशातील वर्गाशी जोडलेला वर्ग

दक्षिण मुंबईत परकीय भाषांच्या शिक्षणाची सोय नवी नाही. काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवन आणि मरीन लाइन्स येथील आलियाँस फ्रान्सेज या संस्था गिरगाव, दादर, परळच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. अडचण एकच : शिकलेली भाषा बोलावी कोणाशी? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा जनतेसाठी खुली केली आणि कालांतराने या प्रश्नाचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले. मुंबईतील जर्मनचा वर्ग व जर्मनीतील एखादा वर्ग आज पडद्यावर समोरासमोर बसू शकतात. तथापि असे उपक्रम उत्साहाने सुरू होतात आणि पुष्कळदा दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. याचे कारण यंत्रात क्वचितच असते.

देण्याजोगे काय?

जर्मनीतील बोखुम विद्यापीठाने पुरस्कारलेल्या 'टँडेम' पद्धतीत अर्धा वेळ एका भाषेत व अर्धा दुसऱ्या भाषेत संभाषण होते. दोघेही आळीपाळीने गुरू आणि शिष्य. मुंबईचा विद्यार्थी येथेच अडखळतो. जर्मनच्या मोबदल्यात तो इंग्रजी देऊ करतो. ती समोरच्याला शाळेपासून येत असते आणि बहुधा याच्याही घरची नसते. देवघेव एकतर्फी होते व दोन-चार भेटींत संभाषण आटते.

त्याचे खरे भांडवल मराठी होय. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी 'माय मराठी' प्रकल्पाद्वारे अमराठी भाषकांसाठी अध्ययनसाहित्य तयार केले. परकीय भाषा शिकविण्याचा अनुभव येथे मराठीच्या कामी आला, ही विशेष नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. मात्र परदेशात मराठीचे नियमित वर्ग मोजकेच आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

अशा वेळी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९७ साली फ्रेंचच्या वर्गासाठी सुरू झालेल्या 'कल्चुरा' प्रकल्पाची रीत उपयोगी पडेल. दोन्ही वर्गांना एकच प्रश्नावली देण्यात येई. प्रत्येकाने आपापल्या भाषेत उत्तरे लिहावयाची आणि ती शेजारी ठेवून चर्चा करावयाची. आपल्याकडे मराठी उत्तराखाली त्याचे स्पष्टीकरण विद्यार्थ्याने जर्मनमध्ये द्यावे. 'शेजारी' हाच शब्द घ्या. लालबागच्या चाळीतील मुलगी त्यापुढे गॅलरी, उघडे दार, वाटीभर साखर असे लिहील. पलीकडचा मुलगा कदाचित कुंपण लिहील. एवढ्या फरकावर तासभर बोलणे होते. 'तुझा छंद कोणता?' यावर दहा मिनिटेही होत नाही.

वेळेचा मेळ

मुंबईत सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे अडीच, तर हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात. हे आधी ध्यानात घेतले नाही, तर त्या आठवड्यात एक वर्ग रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतो. आपले वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते, त्यांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात. मध्ये गणेशोत्सव, त्या दिवसांत लालबाग-परळच्या मुलांनी पडद्यासमोर बसावे ही अपेक्षाच चुकीची! दिवाळीच्या सुटीनंतर नाताळापर्यंतचे चार-पाच आठवडे त्या मानाने सोयीचे. त्यांत पाच बैठका नीट झाल्या तरी पुष्कळ झाले. या बैठका घरून नव्हे, महाविद्यालयातूनच व्हाव्यात. चाळीतील एका खोलीत पाच माणसे वावरत असताना परकी भाषा मोठ्याने बोलणे संकोचाचे असते.

ब्राझीलमधील साओ पाउलो राज्य विद्यापीठात २००६ साली सुरू झालेल्या 'टेलेटँडेम' उपक्रमात पुढे काही ठिकाणी या बैठका अभ्यासक्रमाचाच भाग करण्यात आल्या व त्यांचे मूल्यमापन होऊ लागले. तसे न झाल्यास सारा भार एका हौशी अध्यापकावर पडतो. तो तासिका तत्त्वावर असला आणि पुढील वर्षी त्याची नेमणूक झाली नाही, तर परदेशातील सहकाऱ्याचा पत्ताही त्याच्याबरोबरच जातो. यास्तव पत्रव्यवहार विभागाच्या नावे असावा, दोन्ही बाजूंना दोन-दोन अध्यापक असावेत आणि मागील वर्षीच्या प्रश्नावल्या उत्तरांसह नव्या अध्यापकाच्या हाती सत्रारंभीच पडाव्यात.